अँजिओप्लास्टीच्या आधीच्या गोळ्या हृदयाला किती वाचवतात?

पाचपाखाडीकर

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या आईची अँजिओप्लास्टी ठाण्यातल्या एका रुग्णालयात झाली. आता ती बरी आहे आणि रोज सकाळी कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारून येते. आदल्या रात्री तिला ज्या गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या, त्या नेमक्या कशासाठी, हे त्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. नंतर मी जमेल तसे वाचत गेलो. जे समजले ते येथे मांडतो. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

आईचे वय ६८. जिना चढताना छातीत भरून येई, म्हणून अँजिओग्राफी केली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी नस, जिला डॉक्टर एलएडी म्हणतात, तीत मोठा अडथळा निघाला. झटका आलेला नव्हता, दुखणे स्थिर होते, त्यामुळे आठवड्याभराने स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवायचे ठरले. ॲस्पिरिन आधीपासून चालू होती. आदल्या रात्रीसाठी चिठ्ठीवर ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) ८० मिलिग्रॅम आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारी गोळी) ६०० मिलिग्रॅम असे लिहिले होते. आमच्या मेडिकलवाल्याकडे क्लोपिडोग्रेलची ३०० ची गोळी संपली होती, म्हणून त्याने ७५ च्या आठ दिल्या. आईने त्या पाकिटातून एकेक करून स्टीलच्या वाटीत काढल्या, दोनदा मोजल्या आणि वाटी माझ्यासमोर धरून म्हणाली, "अरे, रक्तदाबाची अर्धी गोळी घेणारी बाई मी. एका वेळी आठ? तू चिठ्ठी नीट वाचलीस ना?" मी रुग्णालयात फोन लावला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी आठच घ्यायच्या असे सांगितले. मग तिने दोन-दोन करून त्या घेतल्या आणि दूधवाल्याचा खाडा लिहितात तसे भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीने "गोळ्या ९.४०" असे लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेंट बसला. त्यानंतरच्या दिवशी रक्त तपासले तेव्हा ट्रोपोनिन थोडे वाढलेले आले. डॉक्टर म्हणाले, "फुगा फुगवल्यावर एवढे वाढते, काळजी करू नका." काळजी गेली, पण प्रश्न राहिला. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे आणि ते रक्तात उतरले म्हणजे काही पेशींना इजा झाली. हृदयासाठी केलेल्या उपचारातच हृदयाला थोडी इजा होत असेल, तर ती टाळण्यासाठी आधी औषध देता येते का, आणि आईच्या त्या नऊ गोळ्या त्यासाठीच होत्या का?

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयाच्या नसेत फुगा फुगवून अडथळा दूर केला. ही अडचण तेव्हापासून त्या उपचारासोबत चालत आलेली आहे. फुगा फुगताना नसेच्या भिंतीवरचा चरबीचा थर फुटतो. त्याचे कण आणि गुठळीचे बारीक तुकडे प्रवाहाबरोबर पुढे जाऊन केसाहून बारीक वाहिन्यांत अडकतात. कधी शेजारच्या लहान फांदीचे तोंड स्टेंटखाली दबते. कधी पुढच्या सूक्ष्म वाहिन्या आकसतात. शिवाय भिंत खरचटली की रक्तातल्या प्लेटलेट तेथे धावून चिकटतात. इजेची कारणे अशी निरनिराळी असल्यामुळे एका औषधाने सारे साधणार नाही, हे मला पटले.

अभ्यासांपैकी रोममधील डॉक्टरांच्या गटाचे आर्मिडा या नावाचे अभ्यास मला सर्वांत सरळ वाटले. २००४ च्या पहिल्या अभ्यासात स्थिर दुखण्याच्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना सात दिवस आधीपासून ॲटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम आणि बाकीच्यांना निव्वळ दिखाऊ गोळी दिली होती. उपचारादरम्यान झटक्याच्या व्याख्येत बसेल एवढी इजा पहिल्या गटात ५ टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के रुग्णांना झाली. २००५ च्या आर्मिडा-२ मध्ये २५५ रुग्ण होते. क्लोपिडोग्रेलचा आधीचा डोस ३०० ऐवजी ६०० केल्यावर महिन्याभरातल्या गंभीर घटना १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्या. नेपल्समधील २००९ च्या अभ्यासात ६६८ रुग्णांपैकी ज्यांना फक्त एकदाच, चोवीस तासांच्या आत, ॲटोर्व्हास्टॅटिन ८० दिली होती, त्यांच्यात इजा ९.५ टक्के, तर इतरांत १५.८ टक्के होती.

एका रात्रीच्या एका गोळीने एवढा फरक पडत असेल तर प्रत्येकाला ती मिळालीच पाहिजे, असे मला हे वाचून वाटले. माझी समजूत बरोबर आहे का?

फार्मासिस्ट नेरूळ

मी नेरूळमधील एका रुग्णालयाच्या औषध विभागात बावीस वर्षे काम करते. तुमच्या आईंनी आठ गोळ्या पाहून फोन करायला लावला, हे उत्तम केले. आमच्याकडे "६०० म्हणजे किती" असे विचारणारा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. जे विचारत नाहीत त्यांचीच मला जास्त काळजी वाटते, कारण काही जण घाबरून दोनच घेतात आणि सकाळी "घेतल्या" असे सांगतात.

आता आठच का, ते सांगते. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ते औषध नसतेच. यकृताने त्याचे दोन टप्प्यांत रूपांतर केल्यावर त्यातून काम करणारा घटक तयार होतो आणि त्यातही घेतलेल्या गोळीचा सुमारे ८५ टक्के भाग निकामी होऊन जातो. उरलेल्या पंधराएक टक्क्यांवर सारी भिस्त. रोजची ७५ ची गोळी घेत राहिले तर प्लेटलेटवर पुरेसा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. ३०० एकदम घेतली तर सहाएक तास लागतात आणि ६०० घेतली तर दोन ते सहा तासांत तो परिणाम मिळतो. रात्री ९.४० ला घेतलेले औषध सकाळी कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या, टेबलावर पूर्ण तयारीत असते. तेच औषध टेबलावर चढताना दिले, तर फुगा फुगवण्याच्या वेळी ते यकृतातच अडकलेले असते. २००२ च्या क्रेडो अभ्यासात ३०० चा डोस आधी देऊनही सर्व रुग्ण मिळून ठळक फायदा दिसला नाही. ज्यांना तो किमान सहा तास आधी मिळाला होता त्यांच्यातच फायद्याचा कल होता आणि तोही आकडेवारीच्या काठावर. मला त्या अभ्यासातून घेण्यासारखी गोष्ट घड्याळाची वाटते.

लोक याला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पातळ वगैरे काही होत नाही. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर एकमेकींना हाक मारण्याची जी खूण असते, ती ही गोळी बंद करते आणि मग त्या एकमेकींना चिकटत नाहीत. ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तिची खूण बंदच राहते.

काही जणांच्या यकृतात हे रूपांतर करणारे एक विकर जन्मतः मंद असते आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत अशी माणसे कमी नाहीत. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या आम्लपित्ताच्या गोळ्याही त्याच विकराला अडवतात. म्हणून ॲसिडिटीची गोळी घरात चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगावी. बहुतेक वेळा ते पँटोप्राझोल लिहून देतात. ॲसिडिटीची गोळी कोणालाच औषध वाटत नाही, म्हणून "दुसरे काही घेता का" या प्रश्नाला उत्तर "नाही" असेच येते.

दिवा स्टेशन

आईंची साखर वाढलेली आहे का आणि मेटफॉर्मिन चालू होती का? आमच्याकडे ती बंद करायला सांगितली होती.

फार्मासिस्ट नेरूळ

ते हृदयाच्या रक्षणासाठी नसते. अँजिओग्राफीत जो रंग सोडतात त्याचा मूत्रपिंडावर ताण पडला तर मेटफॉर्मिन शरीरात साठू शकते, म्हणून विशेषतः मूत्रपिंड कमजोर असलेल्यांची ती थांबवतात आणि दोनेक दिवसांनी तपासणी पाहून पुन्हा चालू करतात.

बाळकुमकर

पाचपाखाडीकर, तुमच्या आईचे चांगले झाले याचा आनंद आहे, पण "प्रत्येकाला मिळालीच पाहिजे" या वाक्याला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण घरात घडलेले आहे.

माझ्या वडिलांना, वय ७४, रात्री छातीत दुखू लागले. ईसीजीत मोठा बदल नव्हता, ट्रोपोनिन वाढलेले होते. दाखल करताच त्यांना क्लोपिडोग्रेलचा भरीव डोस दिला गेला. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली आणि तिन्ही नसांत, त्यातही डाव्या मुख्य नसेच्या तोंडाशी, अडथळे निघाले. स्टेंटचा विषयच संपला, बायपास करावी लागणार होती. पण क्लोपिडोग्रेल पोटात गेल्यावर सुमारे पाच दिवस थांबल्याशिवाय शल्यचिकित्सक छाती उघडायला तयार नसतात, कारण रक्तस्राव आटोक्यात येत नाही. ते पाच दिवस आम्ही आयसीसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढले. वडिलांना मधूनमधून दुखत होते, शिरेतून नायट्रोग्लिसरीन चालू होते, आणि दर वेळी सिस्टर बाहेर आल्या की आई उठून उभी राहत होती. बायपास नीट झाली. पण आधी नसांचे चित्र पाहून मग गोळी दिली असती तर ते पाच दिवस वाचले असते, हे मी विसरू शकत नाही.

नंतर मीही वाचले. २०१३ च्या ॲकोस्ट अभ्यासात अशाच प्रकारच्या ४,०३३ रुग्णांपैकी निम्म्यांना अँजिओग्राफीच्या आधीच प्रासुग्रेल हे क्लोपिडोग्रेलसारखेच औषध दिले होते. हृदयाच्या बाबतीत काडीचा फायदा झाला नाही, १०.० टक्के विरुद्ध ९.८ टक्के, मोठा रक्तस्राव मात्र १.४ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर गेला. २०१९ च्या इसार-रिॲक्ट-५ मध्ये ४,०१८ रुग्ण होते. त्यात झटक्याच्या या प्रकारात टिकाग्रेलॉर हे त्याच कामाचे दुसरे औषध लगेच सुरू केले जाई आणि प्रासुग्रेल मात्र अँजिओग्राफीत चित्र कळल्यावरच दिले जाई. तरीही वर्षअखेर मृत्यू, झटका आणि पक्षाघात मिळून प्रासुग्रेलच्या बाजूला ६.९ टक्के, तर टिकाग्रेलॉरच्या बाजूला ९.३ टक्के होते. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर, जेथे लवकर अँजिओग्राफी होणार आहे आणि नसांचे चित्र माहीत नाही, तेथे अशी गोळी सरसकट आधी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

पाचपाखाडीकर

बाळकुमकर, तुमचे म्हणणे मान्य. आईच्या बाबतीत अँजिओग्राफी आधी झाली होती आणि स्टेंटच बसवायचा हे नक्की होते. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. "अँजिओप्लास्टीच्या आधी" हे शब्द दोन अगदी वेगळ्या प्रसंगांना लावले जातात आणि मी ते एकच धरून चाललो होतो. मूळ वाक्य मागे घेतो.

ऐरोलीचा फिजिशियन

मी आता रुग्णालयातून निवृत्त आहे, पण आयुष्याची बरीच वर्षे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता कक्षात गेली आहेत. बाळकुमकरांनी मांडलेला भेद महत्त्वाचा आहे. नसांचे चित्र माहीत असून स्टेंट ठरलेला असेल, तर क्लोपिडोग्रेल आधी देणे आजही योग्य मानले जाते. चित्र माहीत नसेल तर थांबणे बरे. त्यांच्या वडिलांना ज्या काळात डोस दिला गेला तेव्हा प्रथा काय होती हे मला ठाऊक नाही, पण दाखल होताच डोस देणे हा पुष्कळ वर्षे शिष्टाचारच होता आणि आम्हीही तो पाळला आहे.

आता स्टॅटिनकडे येतो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तेथे अधिक लागू होतो. पाचपाखाडीकरांनी आकडे बरोबर दिले आहेत, परंतु प्रत्येक अभ्यासाने इजा कशाने मोजली हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. आर्मिडाच्या काळात सीके-एमबी नावाच्या विकरावर निकाल ठरत असे. ट्रोपोनिनची आजची चाचणी त्याहून कितीतरी सूक्ष्म आहे. चिमूटभर पेशी दुखावल्या तरी ती सांगते. म्हणून २०१८ च्या व्याख्येनुसार अँजिओप्लास्टीनंतरचा झटका म्हणायचे असेल तर ट्रोपोनिन सामान्य मर्यादेच्या पाचपटीहून वर गेले पाहिजे आणि सोबत ईसीजी, इको किंवा अँजिओग्राफीत त्याचा पुरावाही हवा. निव्वळ वाढ म्हणजे इजा, झटका नव्हे. ही इजा किती सर्रास आढळते हे २०२० च्या कोल्चिसिनच्या अभ्यासावरून कळेल. गाऊटसाठी आपण देतो तेच औषध दाह कमी करेल म्हणून ४०० रुग्णांत उपचाराआधी देऊन पाहिले. इजा कोल्चिसिन घेतलेल्यांत ५७.३ टक्के आणि न घेतलेल्यांत ६४.२ टक्के आढळली, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटले ते यामुळे.

स्टॅटिनने एका रात्रीत कोलेस्टेरॉल उतरत नाही. तरी फायदा दिसला तो कशाने, याचे उत्तर असे दिले जाते की नसेच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक सुटते, दाह शमतो आणि सूक्ष्म वाहिन्या सैल राहतात. हे तर्काला धरून आहे. पण लहान अभ्यासांतली चमक मोठ्या अभ्यासात टिकते का, ही खरी परीक्षा असते. चीनमधील १,२०२ रुग्णांच्या आयस्कॅप अभ्यासात आधी दिलेल्या जादा ॲटोर्व्हास्टॅटिनचा फायदा दिसला नाही. ब्राझीलमधील सिक्युअर-पीसीआय हा अभ्यास २०१८ मध्ये आला. अस्थिर दुखण्याचे किंवा झटक्याचे ४,१९१ रुग्ण, उपचाराआधी ८० आणि चोवीस तासांनी पुन्हा ८०. तीस दिवसांत गंभीर घटना ६.२ टक्के विरुद्ध ७.१ टक्के, म्हणजे सिद्ध म्हणता येईल असा फरक नाही. त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची प्रत्यक्ष अँजिओप्लास्टी झाली आणि फक्त तेवढे पाहिले तर ६.० टक्के विरुद्ध ८.२ टक्के असा फरक निघतो. असा नंतर वेगळा काढलेला गट आशा दाखवतो, निर्णय देत नाही.

तरीही मी माझ्या रुग्णांना आदल्या रात्री ॲटोर्व्हास्टॅटिन देत आलो आणि आजही देईन. ज्याच्या नसेत स्टेंट बसणार आहे त्याला स्टॅटिन तशीही आयुष्यभर घ्यायची असते. एक रात्र आधी सुरू केल्याने रक्तस्राव वाढत नाही, बायपास लांबत नाही, आणि गोळी स्वस्त आहे. फायदा झाला तर झाला, न झाला तर काही गमावलेले नाही. प्लेटलेटच्या गोळीबद्दल मी असे कधीच म्हणणार नाही.

आता एक खंत सांगतो. १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. हृदयाची नस पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे उघडी, असे चार वेळा करून मग ती चाळीस मिनिटे बंद ठेवली, तर मेलेला स्नायू नेहमीच्या चौथ्या हिश्शाएवढाच निघाला. हृदय स्वतःला वाचवायला शिकते, हे त्यातून कळले. मी तेव्हा परळला निवासी डॉक्टर होतो आणि ग्रंथालयात तो लेख वाचताना मला वाटले होते की, दहा वर्षांत हे काम करणारे इंजेक्शन आपल्या ट्रॉलीवर असेल. त्यानंतरची तीस वर्षे मी वाट पाहिली. सायक्लोस्पोरिनवर फार आशा होती. २०१५ मध्ये मोठ्या झटक्याच्या ९७० रुग्णांत काही उपयोग झाला नाही. शिरेतून मेटोप्रोलॉल दिले तर २०१३ मध्ये स्पेनमधील २७० रुग्णांत मेलेल्या स्नायूचा भाग लहान निघाला, पण २०१६ मध्ये ६८३ रुग्णांत तो फरक दिसला नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून-सोडून दुरूनच हृदयाला सावध करण्याची कल्पना तर औषधाविना होती आणि इतकी साधी होती की ती यशस्वी व्हावी असे मनापासून वाटत होते. २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांचा निकाल आला आणि तीही निष्फळ ठरली.

अपयशाची कारणे मला तरी दोन दिसतात. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण आणि निरोगी असतो. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, पाच गोळ्या आधीच घेणारा. आणि नस पूर्ण बंद असेल तर शिरेतून दिलेले औषध त्या बंद जागेपलीकडे पोहोचायला वाटच नसते. ते पोहोचते तेव्हा नस उघडलेली असते आणि इजा होऊन गेलेली असते. मोठ्या झटक्यात नस लवकर उघडण्याएवढे संरक्षण आजही कोणत्या गोळीत नाही. रुग्ण दारातून आत आल्यापासून नव्वद मिनिटांत फुगा फुगला पाहिजे, असा जो दंडक आहे तो यासाठी. ती नव्वद मिनिटे दारापासून मोजतात, घरापासून नव्हे. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाचे घड्याळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. त्यामुळे छातीत दाब येऊन घाम फुटला तर ॲसिडिटी समजून इनो घेत बसू नये.

कोपरखैरणे ताई

डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाई सहा वर्षांपासून स्टॅटिन घेत आहेत आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा स्टेंट आहे. त्यांना पुन्हा मोठा डोस देऊन काही मिळेल का? शिवाय त्यांच्या पोटऱ्या दुखतात.

ऐरोलीचा फिजिशियन

ताई, याच प्रश्नावर आर्मिडा गटाचाच २००९ चा अभ्यास आहे. आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्या ३८३ रुग्णांपैकी ज्यांना उपचाराआधी पुन्हा भरीव डोस दिला त्यांच्यात महिन्याभरातल्या घटना ३.७ टक्के, इतरांत ९.४ टक्के. फायदा मुख्यतः अस्थिर दुखण्याच्या रुग्णांत होता. सासूबाईंचे दुखणे स्थिर असेल तर आग्रह धरण्यासारखे काही नाही. पोटऱ्या दुखतात हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना त्याआधीच सांगा. स्नायूंच्या दुखण्यासाठी ते रक्तातले सीपीके हे स्नायूंचे विकर तपासतील आणि मग डोस ठरवतील. चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका.

घणसोलीकर

मी आतापर्यंत नुसता वाचत होतो. फार्मासिस्ट ताईंनी घड्याळाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला, वय ५१, पहाटे छातीत दुखू लागले. जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये ईसीजी काढला, झटका असल्याचे सांगितले, काही गोळ्या दिल्या, पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन दिले आणि रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवले. इथपर्यंत त्यांनी जलद काम केले, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण सोबतच्या चिठ्ठीवर फक्त "लोडिंग दिले", म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस दिला, एवढे दोन शब्द होते. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, "कोणती गोळी, किती, किती वाजता, आणि इंजेक्शन कोणते?" मला एकाचेही उत्तर देता आले नाही. नर्सिंग होमचा फोन कोणी उचलेना. शेवटी वहिनीच्या पर्समध्ये एक अर्धे फाटलेले पाकीट सापडले. त्यावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरे आणि ७५ हा आकडा उरला होता. कॅथलॅबच्या दारात दोन डॉक्टर ते पाकीट दिव्याखाली धरून वाचत होते, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मग त्यांनी भावाला टिकाग्रेलॉर दिले आणि आत नेले. त्याच्या मांडीत रक्त साकळून मोठी गाठ आली आणि तो दोन दिवस जास्त राहिला. दोन वेळा गोळ्या दिल्यामुळे तसे झाले का, हे मी आजवर कोणाला विचारू शकलो नाही.

ऐरोलीचा फिजिशियन

गोळ्यांबद्दल मन स्वच्छ करा. मोठ्या झटक्यात क्लोपिडोग्रेल दिलेले असले तरी त्यावर टिकाग्रेलॉरचा १८० मिलिग्रॅमचा डोस देऊन औषध बदलण्याची मान्य पद्धत आहे आणि त्यासाठी आधीची वेळ पाहावी लागत नाही. त्यांनी चूक केली नाही. मांडीतली गाठ तेथून नळी घातल्यामुळेही येते. हाताच्या मनगटातून नळी घालण्याची पद्धत वाढली ती या कारणाने.

खरा अडसर त्या इंजेक्शनचा होता. पोटाच्या कातडीत देतात ते बहुधा इनॉक्सापॅरिन हे गुठळी रोखणारे औषध असते. त्याचा शेवटचा डोस आठ तासांच्या आतला असेल तर कॅथलॅबमध्ये सहसा वाढीव देत नाहीत, आठ ते बारा तासांपूर्वीचा असेल तर थोडा वाढीव देतात. वेळ माहीत नसेल तर डॉक्टरला अंदाजाने हिपॅरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचा डोस ठरवावा लागतो; कमी पडले तर स्टेंटमध्ये गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. चिठ्ठीवर एक वेळ लिहायला चार सेकंद लागतात. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे सांगत आलो आणि तरीही माझ्याच कक्षातून वेळ न लिहिलेल्या चिठ्ठ्या बाहेर गेल्या असतील, याचे मला वाईट वाटते.

फार्मासिस्ट नेरूळ

नातेवाइकांनी स्वतः लिहावे, हा उपाय आहे. रिकामे पाकीट टाकू नये, नावाची बाजू न फाडता तसेच सोबत द्यावे. आणखी एक राहिले: पुरुष रुग्ण सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी ठेवण्याआधी ते सांगितलेच पाहिजे, रक्तदाब एकदम कोसळतो. संकोचामुळे हे बायकोसमोर सांगितले जात नाही, म्हणून आमच्या सिस्टर नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारतात.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यानंतर मी आईसाठी अर्धा कागद लिहून तिच्या पाकिटात ठेवला आहे. दुसऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून त्यातला मजकूर देतो.

"स्टेंट एक, एलएडीमध्ये. त्याआधी ॲस्पिरिन ७५ चालू. आदल्या रात्री साडेनऊ वाजता क्लोपिडोग्रेल ६००, म्हणजे ७५ च्या आठ, आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ८०. आता रोज ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ सकाळी, ॲटोर्व्हास्टॅटिन रात्री. पोटासाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल देऊ नये. दात काढणे किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांपैकी एकही बंद करू नये."

हा कागद आईला वाचून दाखवला तेव्हा तिने मला थांबवले, उठून भिंतीवरच्या कालनिर्णयाचे मागचे पान उलटले आणि चौकटीवर बोट ठेवले. साडेनऊ नव्हे, ९.४०. कागद दुरुस्त केला आहे.